मे महिन्यातलं मढं थंड पडत नाही, लेखकसाहेब

गावातल्या खुनावरचा विनोदी भाग टीव्हीवर आला की आपल्याकडे दोनच तक्रारी ऐकू येतात. एक, "घरात मयत झाली अन् हे कायले हसून राहिले?" दुसरी, "जावयानं मारलं हे तं मले पंधराव्या मिनिटालेच समजलं होतं."

पहिल्या तक्रारीत काही दम नाही. मयतीच्या घरी काय काय चालतं हे विदर्भातल्या माणसाला सांगायची गरज नाही. सरणाची लाकडं ओली निघाली म्हणून वाद, तेरवीला बुंदी की जिलेबी याची चर्चा, अन् रडता रडताच सातबाऱ्यावर नाव कोणाचं चढलं याची चौकशी. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकाला तर हे नवीनच नाही. दिवाळीनंतर मंडईचा, म्हणजे गावजत्रांचा, हंगाम लागला की वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या रात्र-रात्र नाटक करतात. स्टेजवर बापाच्या मढ्यावरचा आक्रोश संपत नाही तोच विनोदी नट येतो, आणि लोक डोळे पुसता पुसता हसतात. त्यात कोणाला वावगं वाटत नाही.

दुसरी तक्रार मात्र खरी आहे. खुनी लवकर ओळखू येतो, कारण लिहिणाऱ्याला गाव माहीत नसतं. मग तो त्याच त्या खुणा टाकतो: रक्ताचा रुमाल, तुटलेलं घड्याळ, दाराआड सावली. गाव माहीत असतं तर खुणाही तिथेच सापडल्या असत्या, आणि विनोदही.

नेहमीचा सीन घ्या. इन्स्पेक्टर मढ्याला हात लावतो आणि म्हणतो, "अंग अजून गरम आहे, म्हणजे तासाभरापूर्वीच मारलं." कथा चंद्रपूर जिल्ह्यातली आणि महिना मे. माणसाच्या शरीराचं तापमान ३७ अंश, बाहेर ४५च्या वर, वरून टिनाचं छत. शरीर थंड होतं ते आजूबाजूची हवा त्याहून थंड असेल तर. इथे ते थंड होणार कसं? ताठरपणाचं गणितही उन्हाळ्यात बदलतं. पापण्या आणि जबड्यापासून दोन-तीन तासांत सुरुवात आणि बारा तासांत पूर्ण अंग ताठ, हा ढोबळ नियम. उष्णतेत ते लवकर येतं आणि लवकर उतरतं. पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला येणारी हिरवट झाक उन्हाळ्यात साधारण बारा ते अठरा तासांत दिसते, हिवाळ्यात एक-दोन दिवस लागतात. डॉक्टर वेळ सांगतात ती सगळं मिळून, आणि तीही "अमुक ते अमुक तासांच्या दरम्यान" अशी.

आता याच खोलीत कूलर आहे असं धरा. विदर्भात तो असणारच. भर दुपारी मढं थंडगार लागतं, कूलरच्या ताट्या ओल्याच आहेत. घरगुती कूलरची टाकी मे महिन्याच्या कोरड्या हवेत काही तासांत रिकामी होते. म्हणजे कोणीतरी सकाळी या खोलीत येऊन टाकी भरली, आणि खाटेवर मेलेला माणूस त्याला दिसला नाही? झाली तुमची खूण. घरातली प्रत्येक बाई शपथेवर सांगते की आज पाणी मी भरलं नाही, कारण एरवीही ते काम कोणालाच नको असतं. यात हसू आहे आणि संशयही.

पंचनामा तर लेखक वायाच घालवतात. आपल्याकडे आधी मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल होतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४, जुनं १७४. पोलीस पाटील ठाण्यात खबर देतो, जमादार येतो, आणि आसपासच्या दोन किंवा जास्त प्रतिष्ठित लोकांसमोर मरणोत्तर पंचनामा होतो. अंगणात शंभर माणसं जमलेली असतात. "पंच कोण होणार?" असं विचारलं की पाच मिनिटांत अंगण रिकामं! कोर्टाच्या चकरा कोणाला पाहिजेत? शेवटी सापडतात ते दोघं पळता न आलेले. त्यांच्यासमोर कागदावर येतं, "पंचांच्या मते मृत्यूचे नक्की कारण समजण्यासाठी शवविच्छेदन होणे आवश्यक आहे." पंचांना मत विचारलेलंही नसतं. एवढं आयतं मिळत असताना नटाला केळीच्या सालीवरून पाडायचं कशाला?

सगळे संशयित एका दिवाणखान्यात जमवायचा हट्टही सोडा. नोव्हेंबर २०२१पासून सोय असलेल्या दवाखान्यात सूर्यास्तानंतर शवविच्छेदनाला परवानगी मिळाली, पण खुनाचा संशय असलेलं प्रेत त्यातून वगळलं आहे. कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न असला तरच रात्री. म्हणजे संध्याकाळी सहाला प्रेत ग्रामीण रुग्णालयात पोचलं की मुलगा, जावई, सावकार, चुलतभाऊ सगळे रात्रभर एकाच बाकड्यावर. चहा कोण सांगते, गाडीभाडं कोण देते, यातच अर्धा स्वभाव उघडा पडतो. व्हिसेराचा, म्हणजे प्रेतातून तपासणीसाठी काढलेल्या अवयवांचा, अहवाल मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी आणू नका. बरण्या सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातात, आणि अहवालाला आठवडे, कधी महिने लागतात.

"मी रात्री वावरात ओलित करत होतो" ही आपल्याकडची सगळ्यात सोपी सबब. जिथे शेतीची थ्री-फेज लाईन अजून रात्रीच्या पाळीत येते तिथे ती खपूनही जाते. पण लाईन कधी दिली आणि कधी गेली याची नोंद उपकेंद्राच्या लॉगबुकात असते. त्याहून मजेशीर म्हणजे ऑटो स्विच. लाईन आली की पंप आपोआप चालू होतो, त्याला माणूस लागत नाही. पाणी वळवायला मात्र लागतो. सकाळी हरभऱ्याच्या एकाच कोपऱ्यात तळं साचलेलं दिसलं तर रात्री तिथे कोणीच नव्हतं. खुनी पकडला जातो आणि वरून बायको म्हणते, "खून केला तं केला, हरभरा कायले उभळवला?"

खोटा संशयित उभा करायलाही जबरी कारण हातात आहे. गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे, वर्ध्यात त्याच्याही आधीपासून. तिथला साक्षीदार रात्री कुठे होता हे मरेस्तोवर सांगणार नाही. प्रेक्षकाला वाटतं हाच खुनी. तो बिचारा मोहाची पिऊन पडला होता.

विषाबद्दल एकच सांगतो. कीटकनाशकाच्या डब्यावर विनोद करू नका. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले, आणि त्या डब्यानं कितीतरी घरं बसली आहेत. इथे त्यावर कोणी हसत नाही. शिवाय त्याचा उग्र वास सहसा लपत नाही, त्यामुळे रहस्य म्हणूनही ते लंगडंच.

शेवट तर जवळजवळ सगळेच चुकवतात. इन्स्पेक्टर बोट दाखवतो, खुनी मोडून पडतो, सगळ्यांसमोर कबुली देतो, संपलं. पोलिसांसमोरची कबुली कोर्टात पुरावा ठरत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३ वाचा, आधीच्या कायद्यात हेच कलम २५ आणि २६ होतं. कामाला येते ती आरोपीनं सांगितल्यावरून सापडलेली वस्तू, आणि तेवढ्यापुरतंच त्याचं म्हणणं. म्हणून शेवटचा सीन वाड्यात नको, बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, पाळीवर घ्या. आरोपी चिखलात उतरलेला, पंच सावलीत, जमादार लिहितोय, आणि पहिल्या डुबकीत कुऱ्हाड भलत्याचीच निघते. आता तीही जप्त करायची की परत टाकायची?

आणि तो पोलीस पाटील गडचिरोलीचा असेल तर त्याच्या तोंडी अकोल्याची वऱ्हाडी घालू नका. झाडीबोली वेगळी आहे. नोकर आणि दारूडा तेवढे गावचं बोलतात, बाकी सगळे पुण्याचं, हेही आता बस झालं.