‘ताप आला की नॅप्रोक्सेन’ हा मेसेज का चुकीचा आहे

कळव्यात माझं मेडिकल आहे. गेल्या आठवड्यात तिघांनी काउंटरवर मोबाईल पुढे करून एकच मेसेज दाखवला : ‘सांधेदुखीची नॅप्रोक्सेन व्हायरस मारते. फ्रान्स आणि हाँगकाँगमध्ये सिद्ध झालंय. स्वस्त आहे म्हणून कंपन्यांनी दडपलं. ताप आला की ५०० ची गोळी दिवसातून दोनदा, पाच दिवस.’

फ्रान्सचं खरं आहे, पण अर्धंच. २०१३ मध्ये तिथल्या संशोधकांना दिसलं की नॅप्रोक्सेन इन्फ्लुएन्झा ‘ए’ या फ्लूच्या विषाणूच्या आरएनएला, म्हणजे त्याच्या जनुकीय साहित्याला, लपेटलेल्या प्रथिनाला चिकटते आणि विषाणूची वाढ रोखते. हे दिसलं प्रयोगशाळेतल्या पेशींत आणि उंदरांत. तेही एकाच जातीच्या विषाणूबाबत, सरसकट ‘व्हायरस’बाबत नव्हे.

हाँगकाँगचा २०१७ चा अभ्यास माणसांवरचा. फ्लूने इस्पितळात दाखल झालेले २१७ रुग्ण. एका गटाला पहिले दोन दिवस ऑसेल्टामिवीर (फ्लूचं औषध), क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) आणि नॅप्रोक्सेन एकत्र, पुढे नुसतं ऑसेल्टामिवीर. दुसऱ्याला पाचही दिवस ऑसेल्टामिवीरच. पहिल्या गटात मृत्यू कमी झाले. पण औषधं तीन होती, मग श्रेय एकट्या नॅप्रोक्सेनला कसं देणार? शिवाय तिथे गोळी २०० मिलिग्रॅमची होती, दोनच दिवस, आणि जोडीला ॲसिडिटीचं औषध. ५०० ची पाच दिवस हे मेसेज लिहिणाऱ्याने स्वतःच ठरवलंय.

दडपल्याचं म्हणाल, तर दोन्ही निबंध वैद्यकीय नियतकालिकांत छापलेले आहेत.

मला धास्ती आहे ती ‘ताप आला की’ या तीन शब्दांची. पावसाळ्यात ठाण्यात ताप म्हणजे फ्लूच असेल असं नाही. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), काहीही निघतं. मलेरिया तर विषाणूचा आजारच नाही. लेप्टोत मूत्रपिंडांवर आधीच ताण असतो, त्यात ही गोळी भर घालते. आणि डेंग्यूत प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) घसरत असताना ती उरलेल्या प्लेटलेट्सचं काम बिघडवते, पोटाच्या अस्तरालाही इजा करते. रक्तस्राव व्हायला आणखी काय हवं?

परवा खारेगावचा एक मुलगा दुसरी पट्टी मागायला आला. “काका, गुण आला. चौथ्या दिवशी ताप गेला.” सुट्टे घ्यायला त्याने हात पुढे केला, तर मनगटापासून कोपरापर्यंत टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. “दात घासताना रक्त येतं का रे?” “सकाळपासून येतंय.” मी पट्टी दिली नाही, तडक दवाखान्यात पाठवलं. डेंग्यूच निघाला, संध्याकाळी ॲडमिट झाला. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच खरा धोका सुरू होतो. त्यात या गोळीनेही ताप उतरतो, म्हणून माणसाला वाटतं, व्हायरस मेला.

तेव्हा निदान होईपर्यंत पॅरासिटामॉल, तेही ठरलेल्या मात्रेत, आणि भरपूर पाणी. डॉक्टरांना दाखवून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एनएस१ (डेंग्यूची तपासणी) करून घ्या. फ्लूची शंका असेल तर ऑसेल्टामिवीर पहिल्या ४८ तासांत सर्वांत उपयोगी पडतं, म्हणून गोळी घेऊन घरी वाट बघत बसू नका. आणि हा मेसेज ज्या ग्रुपवर तुम्ही पाठवला असेल, तिथेच हेही आजच टाका.