हॅम्लेट म्हणजे चालढकल, ऑथेल्लो म्हणजे मत्सर : हा तक्ता फॉरवर्ड करणं थांबवा

इंग्लिश लिटरेचर घेतलेल्यांच्या ग्रुपवर परीक्षा जवळ आली की एक तक्ता हमखास येतो. डावीकडे हिरो, उजवीकडे त्याचा दोष. हॅम्लेट – चालढकल, ऑथेल्लो – मत्सर, मॅकबेथ – महत्त्वाकांक्षा, लिअर – अहंकार. खाली टीप असते की एलिझाबेथन ट्रॅजेडीत प्रत्येक नायकात एक घातक दोष असतो, त्यानेच त्याचा नाश होतो, हा अ‍ॅरिस्टॉटलचा नियम शेक्सपिअरने पाळला आणि प्रेक्षकांनी त्यातून धडा घ्यायचा. पाठ करायला मस्त आहे हो, पण नाटकं उघडून बसलं की यातलं जवळपास प्रत्येक वाक्य गंडतं.

आधी "एलिझाबेथन" बघू. राणी एलिझाबेथ मार्च १६०३ मध्ये गेली. ऑथेल्लो, लिअर आणि मॅकबेथ ही साधारण तिच्यानंतरची, राजा जेम्सच्या काळातली धरतात, म्हणजे चारातलं हॅम्लेट तेवढं खरं एलिझाबेथन. बरं, जी खरोखर तिच्या काळात गाजली ती या तक्त्यात बसवून दाखवा ना. शेक्सपिअरच्याच काळातला नाटककार मार्लो, त्याचा टॅम्बरलेन, मूळचा मेंढपाळ, महत्त्वाकांक्षा अशी की मॅकबेथ त्याच्यापुढे कारकून वाटेल, तुर्की सुलतानाला पिंजऱ्यात घालून फिरवतो आणि तो सुलतान शेवटी त्याच गजांवर डोकं आपटून जीव देतो. आणि पहिल्या भागाच्या शेवटी टॅम्बरलेनचं काय होतं? लग्न! त्याच काळातल्या किडच्या स्पॅनिश ट्रॅजेडी या नाटकातला हिएरोनिमो घ्या. स्वतः न्यायखात्यातला मोठा अधिकारी, मुलाचा खून झालाय, न्याय मागायला राजासमोर जातो तर खुन्यांपैकीच एक, लोरेन्झो, त्याचं म्हणणं राजाच्या कानावर पडूच देत नाही. त्याच्या नावापुढे कुठला दोष लिहिणार, मुलगा मारला गेला हा?

अ‍ॅरिस्टॉटलचा मुद्दा पटकन उरकतो. शेक्सपिअरने पोएटिक्स, म्हणजे अ‍ॅरिस्टॉटलचं नाट्यकलेवरचं पुस्तक, वाचल्याचा कसलाही पुरावा नाही, त्याने वापरल्याचं दिसतं ते होलिनशेडचा इतिहास आणि प्लुटार्कची चरित्रं. आणि खुद्द अ‍ॅरिस्टॉटल कथानकाला पहिला मान देतो, स्वभावाला दुसरा. त्याचं आवडतं उदाहरण इडिपस, तो बापाला मारतो कारण समोरचा माणूस बाप आहे हेच त्याला माहीत नाही. एका ठरावीक कलाकडे झुकलेल्या स्वभावाचा हिरो ही मांडणी क्लासरूममध्ये रुळली ती मुख्यतः समीक्षक ए. सी. ब्रॅडलीच्या १९०४ च्या लेक्चर्समुळे. गंमत अशी की हॅम्लेट मुळातच अनिश्चयी होता हे ब्रॅडलीला मान्य नाही आणि ऑथेल्लो स्वभावाने मत्सरी होता हेही तो नाकारतो. म्हणजे ज्याच्या जिवावर तक्ता चाललाय त्यानेच दोन ओळी खोडल्यात!

आता हॅम्लेटची चालढकल. १९४८ च्या सिनेमात लॉरेन्स ऑलिव्हिएने सुरुवातीलाच सांगून टाकलं की ही मन पक्कं न करू शकलेल्या माणसाची शोकांतिका आहे, तेव्हापासून कुणी मागे वळून बघितलेलं नाही. पण हा मन पक्कं न होणारा माणूस पडद्यामागे हालचाल ऐकू आल्यावर कोण आहे ते न बघता तलवार खुपसतो आणि दरबारी पोलोनियस मरतो. समुद्रात चाच्यांनी गाठलं तर त्यांच्या जहाजावर हाच उडी मारतो. स्वतःच्या मृत्यूचा हुकूम असलेलं पत्र रात्री चोरून वाचतो, नवीन लिहितो, बापाच्या शिक्क्याने सील करतो आणि दोन जुन्या मित्रांना मरायला पाठवून देतो, वर त्याचं काही वाटत नाही म्हणतो. थांबतो कुठे? बापाचं भूत येऊन सांगतं की आत्ताचा राजा क्लॉडियस, म्हणजे तुझा काका, यानेच मला मारलं, त्या भुताच्या शब्दावर राजाला मारायचं तिथे. कारण ते भूत म्हणजे बापाचं रूप घेतलेला सैतानही असू शकतो, आणि त्या काळच्या ख्रिश्चन माणसासाठी ही भीती अगदी खरी होती. म्हणून तो दरबारात नाटक लावून खात्री करून घेतो. त्यानंतर प्रार्थनेला बसलेल्या क्लॉडियसला सोडतो हे खरं, पण आत्ता मारला तर हा स्वर्गात जाईल, याला नरकातच घालायचाय, असा हिशोब करून सोडतो. याला दुष्टपणा म्हणा हवं तर, चालढकल कशी म्हणता येईल!

ऑथेल्लोच्या नावापुढचा "मत्सर" तर मला नेहमीच अन्यायाचा वाटत आलाय. त्याच्या हाताखालचा अधिकारी इयागो त्याच्या मनात बायकोबद्दल संशय भरतो, पण इयागोवर विश्वास ठेवणारा तो एकटा नाहीये. कॅसिओ ठेवतो, रोडेरिगो पैशांनिशी ठेवतो, इयागोची स्वतःची बायको एमिलिया डेस्डेमोनाचा रुमाल, जो पुढे पुरावा म्हणून वापरला जातो, आणून त्याच्या हातात देते, आणि नवऱ्याने तोंडावर वेश्या म्हटल्यावर ऑथेल्लोची बायको डेस्डेमोना सल्ला मागायला जाते ती इयागोकडेच. सगळ्यांनाच गंडवणारा माणूस मध्ये बसलेला असताना दोष फक्त गंडलेल्या एकाच्या नावावर का चढवायचा? त्यात ऑथेल्लो व्हेनिसमध्ये परका, काळा, सासरा भर सभेत चेटूक करून मुलगी पळवली म्हणतोय. इयागो नेमकं हेच उकरतो, की तुला आमच्या बायका कळत नाहीत. ऑथेल्लोवरून बेतलेल्या देवलांच्या झुंजारराव नाटकामुळे (१८९०) आपल्याकडे ही गोष्ट घरोघरी पोचली आणि "संशयी नवरा" एवढीच उरली, पण मूळ नाटकात संशय बाहेरून, एकेक थेंब, मोजून घातलेला आहे.

मॅकबेथचं मान्य करतो. महत्त्वाकांक्षा हा शब्द तो स्वतःच उच्चारतो, फक्त त्याच सीनमध्ये "हे आता पुढे न्यायचं नाही" असंही बायकोला सांगतो तेवढं लक्षात ठेवा.

आणि लिअर. माझ्या मते हा तक्ता इथेच कायमचा मरतो. शेक्सपिअरच्या आधी याच राजावर एक नाटक होतं, कुणाचं ते माहीत नाही, १५९४ मध्ये खेळलं गेलं, १६०५ मध्ये छापलं. त्यातही म्हातारा तसाच, राज्य वाटताना मुलींच्या प्रेमाची परीक्षा घेणं तसंच, धाकट्या मुलीला (शेक्सपिअरकडे कॉर्डेलिया) हाकलणं तसंच. शेवट? मुलगी जिवंत, राजा परत गादीवर. पुढे १६८१ मध्ये नेहम टेटने शेक्सपिअरचं नाटक बदलून कॉर्डेलियाचं एडगर या सरदाराच्या मुलाशी लग्न लावलं आणि जवळपास दीडशे वर्षं इंग्लंडच्या स्टेजवर तेच चाललं. दोष तोच, चूक तीच, आणि शेवट एकदम उलटा. मग अहंकाराने नाश केला हे गणित सुटतं कसं? शेक्सपिअरकडे कॉर्डेलिया मरते त्याचं कारण शेवटच्या सीनमध्ये आहे. लढाई संपलीये, लिअर आणि कॉर्डेलियाला कैद करणारा एडमंड जखमी होऊन पडलाय, कॉर्डेलियाच्या बहिणींची प्रेतं आणलीयेत, सगळे बोलण्यात गुंतलेत आणि मध्येच लिअरचा जावई ऑल्बनी याला आठवतं की अरे, राजा कुठाय, कॉर्डेलिया कुठाय! विसरलेच होते सगळे. एडमंड कबूल करतो की तिला फाशी द्यायचा हुकूम सुटलाय, माणूस पळवतात, ऑल्बनी म्हणतो देव तिचं रक्षण करो, आणि पुढच्याच क्षणी लिअर तिला हातांवर घेऊन आत येतो. यात लिअरचा अहंकार शोधा पाहू.

प्रेक्षकांनी घ्यायच्या धड्याबद्दल तर समीक्षक थॉमस रायमरने १६९३ मध्येच खिल्ली उडवून ठेवलीये, की ऑथेल्लोचा बोध काय तर बायकांनी आपले रुमाल नीट सांभाळावेत. धडा काढायलाच बसलं की असलंच काहीतरी हाती लागतं.

आता काहीजण हमखास म्हणतील की एका दोषाची गोष्ट हॅम्लेट स्वतःच बोलतो. बोलतो, पहिल्या अंकात, रात्री तटावर थंडीत उभा असताना. खाली क्लॉडियसची दारू चाललीये, नगारे वाजतायत, आणि हा मित्र होरेशिओला सांगतो की यामुळे आम्ही डेन लोक जगात बेवडे म्हणून बदनाम झालो, आणि माणसांचंही असंच होतं, जन्माचा एखादा डाग असतो, बाकी गुण कितीही असोत, लोकांच्या नजरेत तो सगळ्यांना नासवतो. तक्रार चाललीये ती लोक माणसाला कसं जोखतात याची, तो मरतो कशाने याची नव्हे. शिवाय हे भाषण १६०४-०५ च्या क्वार्टोत (एकट्या हॅम्लेटच्या छापील आवृत्तीत) आहे, १६२३ च्या फोलिओत (शेक्सपिअरच्या नाटकांच्या एकत्र छापलेल्या संग्रहात) नाही. तिथे दारूच्या प्रथेवर दोन शब्द होतात आणि डायरेक्ट भूत येतं.