बुवांच्या कानातलं बूच

गणपतीत कोकण रेल्वेतून काय काय उतरतं, याची यादी करायची तर वही पुरायची नाही. पोरं, पिशव्या, पेढे, मुंबईची मतं. गेल्या चतुर्थीला आमच्या बुवांच्या भाच्याबरोबर कानात घालायचं एक बूच उतरलं आणि माझे पाच दिवस वाया गेले.

आमचे बुवा म्हणजे डबलबारीतले बुवा. डबलबारी ज्यांना ठाऊक नाही अशा घाटावरच्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. दोन भजनी मंडळं, दोन पेट्या, दोन पखवाज शेजारीशेजारी बसतात आणि देवाचं नाव घेऊन एकमेकांची उतरवतात. अभंग, गजर सगळं रीतसर असतं. पण मधेच एक बुवा पुराणातला एखादा प्रश्न सुरात सोडतो आणि समोरच्याने आपल्या बारीत त्याचं उत्तर सुरातच द्यायचं असतं. नाही जमलं तर त्या बुवांनी शिमग्यापर्यंत तिठ्यावर चहा प्यायला जाऊ नये, असं आपलं माझं मत आहे.

माझा कुडाळात साउंडचा धंदा. मिक्सर, स्पीकर, जनरेटर आणि अठरा विश्वे केबल. या धंद्यात उमेदीची वर्षं घालवून मी बुवांच्या तोंडून एकच वाक्य ऐकत आलोय, "माका माझो आवाज येणा नाय." हे वाक्य मला झोपेतसुद्धा ऐकू येतं. मग मी बुवांपुढचा मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याला त्याचाच आवाज ऐकवणारा स्पीकर, वाढवायचा. त्यावर पखवाजवाला म्हणणार, आता मला माझाच हात ऐकू येत नाही. त्याचा वाढवला की मागचे झांजवाले हिरमुसणार. वाढवत वाढवत एक वेळ अशी येते की मॉनिटरचा आवाज माइकमध्ये शिरतो, माइकमधून परत मॉनिटरमध्ये जातो, आणि त्या गोल फेरीतून जी कुई निघते तिने पहिल्या रांगेतली आजी "अगो बाये!" म्हणून उठते. आणि सगळा गाव वळून माझ्याकडे बघतो. बुवांकडे कोणी बघत नाही.

तर भाच्याने या सगळ्यावर औषध आणलं होतं. डबीत दोन इवल्याशा बिया, त्यांना वायर, वायरीला पट्ट्यात अडकवायची एक डबी, डबीत दोन पेन्सिल सेल. "इन-इअर," भाचा म्हणाला. "मुंबईक सगळे हेच घालतत." त्याने मोबाइलवर चार व्हिडिओ बघितले होते, त्यामुळे पुढचं काम माझ्यावर सोपवून तो मोदक खायला निघून गेला.

पहिला प्रश्न डबी अडकवायची कुठे. बुवांच्या लेंग्याला पट्टा नाही, नाडी आहे. नाडीला डबी लावली तर बसल्यावर ठीक, पण बुवा उभे राहिले की डबीबरोबर लेंगाही आपला निर्णय घेऊ लागला. शेवटी ती सदऱ्याच्या खिशात घालून वर पिन मारली. दुसरा प्रश्न बूच बसवायचं. स्पंजची टोपी बोटांनी चिमटून, कान किंचित वर ओढून आत सरकवायची आणि ती फुगेपर्यंत धरून ठेवायची. भादव्यातल्या घामट हवेत ती बाहेरच सरकत होती. तीन मापं बदलल्यावर एक नीट बसली.

"बुवा, कसा वाटता?"

बुवा गप्प. मग एकदम ओरडले, "कायच आयकाक येणा नाय! बहिरो झालंय मी!"

यात त्यांची चूक नव्हती. बूच नीट बसलं की बाहेरचा आवाज वीस-पंचवीस डेसिबलने तरी खाली जातो. त्याचसाठी तर ते घालायचं. बाहेरचा गोंगाट थांबला की कानात हळू आवाजातही काम भागतं. मी घाईघाईने त्यांचा माइक त्यांच्या कानात सोडला. बुवांनी "ॐ" लावला आणि दचकून माझ्याकडे बघितलं.

"ह्यो आवाज माझो न्हय. घागरीत तोंड घालून कोणतरी बोलता."

दोन्ही कानांत बोटं घालून "हम्म" करून बघा, म्हणजे बुवांचं दुःख कळेल. आपला आवाज हाडांतून कानात येतच असतो. एरवी त्यातला खालचा भाग कानातून बाहेर निघून जातो. कान बुजला की तो आतच घुमतो. यावर उपाय दोन. बूच आणखी आत बसवायचं आणि त्यांच्या कानात जाणाऱ्या आवाजातला खालचा भाग कापून वरचा थोडा उघडायचा. दोन्ही केलं. घागरीचा तांब्या झाला. तांब्यावर बुवा तयार झाले.

आता खरं मिक्स. इथे माझी एक शिस्त आहे आणि ती मी चुका करकरून शिकलोय. कानात आधी ज्याचं त्याचं स्वतःचं सोडायचं. मग सुराला आधार देणारं. मग ठेका, तोही जेमतेम. बाकी कोणी मागितलं तरच. बुवांना त्यांचा गळा दिला, मग पेटी. पण पेटीच्या माइकमध्ये बुवांचा गळाही शिरत होता. आवाजाला मीटरभर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे एकच गळा दोन वाटांनी, जरासा पुढेमागे कानात पोचणार आणि पत्र्याच्या डब्यात गायल्यासारखा वाटणार. पेटीचा माइक खाली करून भात्याजवळ नेला तेव्हा डबा फुटला. पखवाज थोडासाच घातला. धुम्याला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाला, नुकतीच कणीक लावलेली, तो तसाही बैठकीतून मांडीत शिरत होता. झांज अजिबात घातली नाही. झांजवाले बुवांच्या पाठीला टेकून बसतात. त्यांची झांज बुवांच्या माइकमधून बिनभाड्याने येतेच.

झांजवाल्यांना हे कोणीतरी सांगितलं. "आमका बुवांच्या कानात घेणत नाय" म्हणून दोघं अर्धा तास रुसले.

"बरा हा," बुवा म्हणाले. "पण सुको लागता. वायच देऊळ घाल."

देऊळ म्हणजे घुमारा, ज्याला आम्ही रिव्हर्ब म्हणतो. कानात कोरडा गळा ऐकला की मोठमोठे गाणारे बिचकतात. अंगावर सदरा नसल्यासारखं वाटतं म्हणे. मी चिमूटभर देऊळ घातलं. "आणखी." घातलं. "आणखी वायच." आता कानात थेट कुणकेश्वराचा सभामंडप उभा राहिला आणि बुवांचा शब्द त्यात सापडेना. तेव्हा ते स्वतःच म्हणाले, "गाभारो नको. पडवी पुरे."

खुणाही ठरवल्या. बारी चालू असताना बोलता येत नाही, म्हणून बुवांनी आधी वस्तूकडे बोट दाखवायचं, मग बोट वर केलं तर वाढव, खाली केलं तर कमी कर. सोपं. फक्त गाताना हातवारे करण्याची बुवांना जन्माची सवय आहे, हे मी विसरलो.

शेवटी बुवांनी डोळे मिटून पूर्ण अभंग गायला. इतका सुरेल की पखवाजवाल्याने मला डोळा मारला. संपल्यावर बुवा खिन्न.

"काय झाला?"

"माणसा खय गेली रे? मी एकटोच गातंय. मेल्यासारख्या वाटता."

याला माझ्याकडे उत्तर होतं आणि त्याचा मला अभिमानही होता. लोकांच्या बाजूला तोंड करून एक वेगळा माइक लावायचा. तो बाहेरच्या स्पीकरवर सोडायचा नाही, फक्त बुवांच्या कानात. टाळ्या, वाहवा, खोकले सगळं हळूच पोचतं आणि कानात गाव परत येतो. मंडपाच्या पत्र्याखालच्या पाइपला मी तो माइक उलटा टांगला आणि निवांत चहा प्यायला गेलो.

बारी सातला सुरू झाली. रात्री दहाला भोंगे बंद करायचा नियम २००० सालचा. गणपतीतल्या ठरावीक दिवशी बारापर्यंत मुभा असते आणि त्या दिवशी ती होती. समोरचे बुवा नेहमीप्रमाणे जमिनीवरच्या मॉनिटरवर. आमच्या बुवांपुढे मॉनिटर नाही, कुई नाही, चेहऱ्यावर तेज. पहिली वीस मिनिटं मी धंद्यात आल्याचं सार्थक झालं असं समजत होतो.

मग समितीचे अध्यक्ष मिक्सरजवळ आले. "पखवाज मागे आयकाक येणा नाय, वाढव." मी वाढवला. तिकडे बुवांनी गाता गाता डोळे फाडले आणि हात कानाकडे गेला. झालं होतं असं, की गळा आणि पेटी बुवांच्या कानात जाताना मी बाहेरच्या फेडरपासून, म्हणजे लोकांसाठी आवाज कमीजास्त करायच्या मिक्सरवरच्या दांडीपासून, तोडून ठेवली होती. पखवाजाची वाट तोडायची राहिली. अध्यक्षांसाठी वाढवलेला पखवाज थेट बुवांच्या मेंदूत वाजला. आवाजाला हद्दीबाहेर जाऊ न देणारा लिमिटर लावलेला होता म्हणून बुवा वाचले. नाहीतर भाच्याने माझी वायर करून नाडीला ओवली असती.

त्या धक्क्याने बुवांनी एका कानातलं बूच काढून खांद्यावर टाकलं. हे सगळ्यात वाईट. उघड्या कानात मंचाचा गदारोळ शिरतो आणि त्याच्याशी झुंजायला माणूस दुसऱ्या कानातला आवाज वाढवत राहतो. खिशातली डबी पिळताना मला दिसत होती. कामगारांच्या कानांसाठी अमेरिकेत एक हिशेब मांडलाय, ८५ डेसिबल आठ तास चालेल, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पाव तास. आणि बारी बारापर्यंत. मी केबल नीट करायचं निमित्त करून रांगत मंचावर गेलो, "बुवा, दोनय घाला नायतर दोनय काडा" असं कानात सांगून आलो. ते त्यांना ऐकू गेलं नाही, कारण मी बूच असलेल्या कानात सांगितलं. दुसऱ्यांदा रांगलो. पहिल्या रांगेतल्या पोरांना हा कार्यक्रमाचा भाग वाटला.

आणि मग पाऊस आला. कोकणातला, न विचारता. पत्र्यावर असा कोसळला की मंडपात कुणाला कुणाचं ऐकू येईना. बुवांनी वर बोट दाखवलं, मग खाली. मी त्यांचा गळा कमी केला. ते चिडले. परत वर, परत खाली. अभंगाच्या दोन ओळींमध्ये माइक बाजूला करून ते ओरडले,

"मेल्या, माझ्या कानात पाऊस पडता!"

पत्र्याखाली टांगलेला माझा अभिमानाचा माइक. मी तो बंद केला तर बुवा पुन्हा "मेल्यासारख्या" होणार. म्हणून पाइपवरून काढला आणि दोन मंचांच्या मधल्या बोळात, खाली कोपऱ्यात, लोकांकडे तोंड करून ठेवला. पाऊस गेला, टाळ्या आल्या. बुवांनी मान डोलावली. मीही डोलावली.

त्या कोपऱ्याला लागून समोरच्या बुवांची बैठक होती, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पावणेअकरा झाले असतील. आमच्या बुवांचा गजर रंगात आलेला. समोरचे बुवा कोरसवाल्यांकडे झुकून काहीतरी कुजबुजत होते, मनगटावर ताल धरून. आमच्या बुवांनी एकदम गजर थांबवला, पेटीवर एक लांब सूर धरला आणि डोळे मिटून गायला लागले. कर्णाच्या रथावर सारथी म्हणून बसला तो शल्य, आणि तो मामा नकुल-सहदेवांचा, माद्रीचा भाऊ. असं सगळं नातं व्यवस्थित चालीत बसवून, वर भक्तीचा एक टप्पा लावून, त्यांनी समेवर आणून सोडलं.

मंडपात कुणाला काही कळेना. कारण प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

समोरच्या बुवांचा हात मनगटावर तसाच राहिला. त्यांच्या कोरसमधल्या एकाने हातातला कागद घडी करून खिशात घातला. मग मागून कोणीतरी म्हणालं, "आवशीचो घो! बुवांका सिद्धी गावली!" आणि टाळ्यांनी पावसालाही गप्प केलं. आजी तर हात जोडून उभी राहिली.

मी मिक्सरवरून बघतोय. बुवांनी एक डोळा उघडला. बोट कोपऱ्यातल्या माइककडे दाखवलं. मग बोट वर.

आता धर्मसंकट बघा. साउंड दोन्ही मंडळांना माझाच. सुपारी समितीची. मी फेडर तिथेच ठेवला, इतकंच सांगतो. खाली केला नाही, हे मात्र खरं.

बारा वाजता भैरवी झाली. लोक पांगले, भाचा बुवांचे पाय दाबायला लागला, झांजवाले अजून रुसलेलेच. मी चिखलात ओणवा होऊन केबल गुंडाळत होतो, तेवढ्यात समोर दोन पाय येऊन उभे राहिले. वर बघितलं तर समोरचे बुवा. शाल काखेत, छत्री बंद, चेहरा शांत. त्यांनी कोपऱ्यातला माइक उचलला, उलटासुलटा बघितला आणि माझ्या हातात दिला.

"पुढच्या म्हयन्यात आमची परत बारी आसा, तुकाच सांगतलंय," ते म्हणाले. "माकाय तसलाच बूच लाव. आणि ह्यो माइक..." इथे ते जरा खाली वाकले, "ह्यो जरा त्यांच्या बाजूक फिरवून ठेव."