झीबोल्टनं जपानला झाडं ओळखायला शिकवलं म्हणे!

एक दावा अधूनमधून फिरत येतो. १८२३मध्ये डचांच्या नोकरीतला जर्मन डॉक्टर झीबोल्ट नागासाकीच्या डेजिमा बेटावर, डचांच्या वखारीत, उतरला, तोवर जपानला वनस्पतिशास्त्र ठाऊकच नव्हतं. त्यानं इतो केइसुके नावाच्या तरुणाला हाताशी धरून ते शिकवलं आणि केइसुकेनं गुरूचं ज्ञान जपानीत उतरवलं. गोष्ट गोड आहे, म्हणूनच ती टिकते. आता एकेक मुद्दा घेऊ.

ठाऊकच नव्हतं? काइबारा एक्केनचा ‘यामातो होन्झो’ हा वनौषधींचा ग्रंथ १७०९चा. त्यात तेराशेहून जास्त नोंदी आहेत, त्यातल्या कित्येक चिनी ग्रंथांत न सापडणाऱ्या खास जपानी जातींच्या. याच विद्येतल्या, सत्तरी गाठलेल्या ओनो रान्झानला १७९९मध्ये सरकारनं क्योटोहून एदोला (आजच्या टोकियोला) शिकवायला बोलावलं. ही विद्या औषधीकडे झुकलेली होती, हे खरं. पण वनस्पतींचं वर्गीकरण करणाऱ्या स्वीडिश लिनियसची पद्धतही जपानात झीबोल्टच्या आधीच पोचली होती. उदागावा योआननं १८२२मध्ये पाश्चात्त्य वनस्पतिशास्त्राची ओळख करून देणारी पुस्तिका छापली, ती चक्क बौद्ध सूत्राच्या थाटात! सुरुवातच ‘असे मी ऐकले आहे’. पालीतलं ‘एवं मे सुतं’ आपल्या ओळखीचं आहे, तेच. झीबोल्टला यायला अजून एक वर्ष होतं.

केइसुके कोरी पाटी होता का? नागोयातल्या वैद्याच्या घरी १८०३मध्ये जन्मलेला हा मुलगा मिझुतानी होबुन यांच्या हाताखाली तयार झाला. होबुन आणि त्यांची मंडळी डोंगर धुंडाळायची, नमुने आणायची, नावांवरून वाद घालायची. १८२६मध्ये झीबोल्ट एदोला निघाला तेव्हा ही मंडळी त्याला वाटेत अत्सुता इथे गाठून भेटली, आणि जाताना चित्रं नि नमुने घेऊन गेली. गुरू शोधायला गेलेला विद्यार्थी असं बाड घेऊन जात नाही.

आता भाषांतराचं. केइसुके १८२७मध्ये नागासाकीला गेला, सहाएक महिने राहिला. निरोप देताना झीबोल्टनं त्याला एक पुस्तक दिलं. हे पुस्तक झीबोल्टचं नव्हतं. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ थुनबर्ग १७७५-७६मध्ये जपानात राहून गेला होता, त्याचा जपानी वनस्पतींवरचा १७८४चा ग्रंथ ‘फ्लोरा जापोनिका’ होता तो. केइसुकेनं त्यातली लॅटिन नावं घेतली आणि प्रत्येकापुढे जपानी नाव बसवलं. १८२९मध्ये ‘ताइसेइ होन्झो मेइसो’ छापून आलं. या कामात झीबोल्टची मदत झाली, ती नाकारायचं कारण नाही. पण थुनबर्गचं चार ओळींचं लॅटिन वर्णन वाचून ‘अरे, हे तर आपलं अमुक झुडूप’ असं म्हणायला ते झुडूप आधी फुलताना पाहिलेलं असावं लागतं. हे काम शब्दकोश घेऊन बसणाऱ्याचं नाही. ग्रंथाच्या शेवटी लिनियसचे २४ वर्गही त्यानं समजावून दिले, आणि त्यासाठी शब्द घडवले. आपण पुंकेसर-स्त्रीकेसर म्हणतो, त्यानं ‘युझुइ’ आणि ‘शिझुइ’ म्हटलं. परागासाठी ‘काफुन’. दर वसंतात जपानी लोक ज्या परागज्वरानं शिंकत बसतात, त्या ‘काफुनशो’त हाच शब्द आहे.

गंमत अशी की, या ग्रंथात झीबोल्टचं नाव उघडपणे नाही. १८२८मध्ये बंदी असलेले नकाशे त्याच्याकडे सापडले, धरपकड झाली, त्याला पुढे देश सोडावा लागला. केइसुकेनं त्याला टोपणनावाआड लपवलं. नाव छापणं धोक्याचं असतानाही त्याला पुरतं वगळलं नाही, यातच ऋण आलं.

आणि ज्ञान एकाच दिशेनं वाहिलं, हेही चूक. जपानी शिष्यांनी गोळा केलेले वाळवलेले नमुने झीबोल्टबरोबर हॉलंडला गेले, आणि त्याच्या पुढच्या ग्रंथांना त्यांचा आधार मिळाला. पुढे मिकेल या डच शास्त्रज्ञानं तुळशीच्या कुळातल्या एका प्रजातीला केइसुकेचंच नाव दिलं, ‘केइस्केया’. केइसुकेला स्वतःला विज्ञानाची डॉक्टरेट मिळाली १८८८मध्ये, वयाच्या पंच्याऐंशीच्या घरात. तोवर झीबोल्टला जाऊन बावीस वर्षं होत आली होती.