स्व, स्वप्न, स्वप्नपू

मेहुण्याने नवीन फ्लॅट घेतला आणि त्याचं नाव ठेवलं 'स्वप्नपूर्ती'. वास्तुशांतीच्या जेवणात, दुसऱ्या जिलबीच्या भरात, मी सगळ्यांदेखत बोलून गेलो, "पाटी विकत घ्यायची नाही. माझ्या मशीनवर ॲल्युमिनियममध्ये कोरून देतो." बायकोने माझ्याकडे फक्त पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला तीन पाट्यांनंतर कळला.

माझं सीएनसी मशीन, म्हणजे संगणकाच्या हुकमावर कोरणारं यंत्र, आमच्या गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी राहतं. आर्डुइनो उनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड, त्यात मशीन चालवणारं जीआरबीएल हे सॉफ्टवेअर, वर टूल फिरवणारा एक छोटा स्पिंडल, आणि टूल तापू नये म्हणून कुलंटचा, म्हणजे थंडाव्याच्या द्रवाचा, बारीक फवारा. फवाऱ्याची हवा उघडझाप करायला २४ व्होल्टचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे तारेच्या कॉइलच्या चुंबकाने उघडणारी झडप, आणि तिचा करंट जोडा-तोडायला रिले, म्हणजे विजेवर चालणारं बटण. प्रोग्रॅममध्ये एम ८ म्हटलं की सुरू, एम ९ म्हटलं की बंद. आता मी नळ उघडा ठेवून दात घासणाऱ्यांवर ओरडणारा माणूस. एका अक्षरावरून दुसऱ्या अक्षरावर जाताना फवारा कशाला वाया घालवायचा? म्हणून प्रत्येक अक्षर संपलं की मी प्रोग्रॅममध्ये हाताने एम ९ घातला. ही काटकसर मला किती महागात पडणार होती, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

पहिल्या पाटीवर 'स्व' झकास उमटला. व्हॉल्व्ह टक् करून मिटला आणि मशीन जागच्या जागी थिजलं. स्क्रीनवर 'अलार्म १'. म्हणजे मशीन हद्द राखणाऱ्या टोकाच्या लिमिट स्विचला धडकलं, असं त्याचं म्हणणं. प्रत्यक्षात टूल पाटीच्या मधोमध, स्विचपासून वीतभर लांब. पण जीआरबीएलला पुरावा लागत नाही. लिमिट स्विचची वायर बोर्डाच्या ज्या पिनला येते, तिथलं व्होल्टेज क्षणभर हललं की ते सगळं थांबवतं, आपण कुठे होतो यावरचा विश्वास सोडून देतं, आणि पुन्हा घरापासून सुरुवात करा म्हणतं. तशी केली की केसभर फरक पडतो आणि अक्षराला सावली येते. पाटी भंगारात.

दुसरी पाटी 'स्वप्न'पर्यंत गेली. तिसरी 'स्वप्नपू'. दरवेळी एकाच जागी बिघडलं असतं तर मीही लवकर शहाणा झालो असतो. पण हे मधूनमधून बिघडत होतं, आणि मधूनमधून बिघडणाऱ्या वस्तूमुळे माणूस देवभोळा होतो. मी मशीनला हळदकुंकू वाहिलं नाही, एवढंच. बाकी सगळं केलं. यूएसबी केबलला विजेचा गोंगाट अडवणारा फेराइटचा मणी घातला. लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवला. स्वयंपाकघरातली पोळ्या गुंडाळायची फॉइल लिमिटच्या वायरींना गुंडाळली आणि दोन्ही टोकं अर्थ केली. दोन्ही टोकं अर्थ केली की मध्ये एक छान वेटोळं तयार होतं आणि नको ते करंट त्यातून फिरत बसतात, म्हणजे दुखणं वाढतं. डब्यातल्या पोळ्या आठवडाभर वर्तमानपत्रात गेल्या, ती तक्रार वेगळी.

निदान केलं आईने. ती गॅलरीतच मेथी निवडत बसली होती, शेजारी तिचा जुना ट्रान्झिस्टर, पुणे केंद्र लावलेलं. म्हणाली, "अरे, तुझं ते टक् झालं की माझ्या बातम्यांत खर्र होतं. सुरू होताना नाही, बंद होताना. पूर्वी ट्यूबलाइटचं बटण बंद केलं की व्हायचं, तस्सं."

मी रेडिओ मशीनजवळ नेला, दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावला आणि व्हॉल्व्ह दहा वेळा उघडला, मिटला. उघडताना रेडिओ गप्प. मिटताना दहाच्या दहा वेळा खर्र. असलीच गडबड पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप घ्यायला मी दोन वर्षं पैसे साठवतोय, हे आईला सांगितलं नाही.

एकदा कान लागल्यावर पुढचं सगळं पुस्तकातलंच होतं. कॉइल म्हणजे जाताना दार आपटणारा पाहुणा. आत असेपर्यंत गुपचूप ०.२ अँपियर घेऊन बसतो. रिलेने संपर्क तोडला की चुंबकात साठलेली ऊर्जा म्हणते, करंट तर मी चालूच ठेवणार. वाट नाही म्हणून व्होल्टेज २४ वरून शेकड्यांत चढतं, रिलेच्या फटीत ठिणगी पडते आणि व्हॉल्व्हची लांब वायर एरियल होते. वायरी वाहून नेणाऱ्या त्याच प्लास्टिकच्या चेनमधून, अगदी खांद्याला खांदा लावून, मी लिमिट स्विचच्या वायरी नेलेल्या. आणि त्यांचं व्होल्टेज जागेवर धरून ठेवायला चिपच्या आतला २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे अगदी नाजूक पकडीचा, रेझिस्टर! वादळात कपडा एका चिमट्यावर लावावा, तसं.

उपाय फ्रीव्हीलिंग डायोड. करंट एकाच दिशेने जाऊ देणारा हा भाग कॉइलला आडवा लावला की बंद होताना तिच्या करंटला फिरत फिरत विरायला वाट मिळते. पण रिलेच्या बोर्डवर डायोड आधीच दिसत होता, म्हणून मी तीन पाट्या ते प्रकरण बंद ठेवलं होतं. तो डायोड रिलेच्या स्वतःच्या कॉइलसाठी असतो. व्हॉल्व्हच्या कॉइलची काळजी तो कशाला करेल?

पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेलो. "१एन४००७ डायोड द्या. एक." दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. "एक?" रुपया-दोन रुपयांची वस्तू, गाडी लावायला जागा शोधण्यात अर्धा तास गेलेला. दहा घेतले.

पहिला उलटा लावला. मग डायोड सरळ शॉर्ट होतो, आणि एम ८ दिल्याबरोबर पॉवर सप्लाय टिक्‌ टिक्‌ करत बसला. डायोडही गेला. (दहा घेतल्याचं सार्थक.) दुसरा नीट लावला, चंदेरी पट्टीचं टोक प्लसकडे, आणि कंट्रोलरजवळ नव्हे तर थेट व्हॉल्व्हच्या दोन टोकांवर. हातासरशी लिमिटच्या वायरी चेनमधून बाहेर काढल्या, स्विच नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे एरवी जोडलेले आणि धडकल्यावर तुटणारे, असे लावले, त्यासाठी जीआरबीएलमधलं डॉलर ५ हे सेटिंग उलटवलं आणि क्षणिक झटके गिळायला पिनवर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला. डायोडमुळे व्हॉल्व्ह मिटायला किंचित वेळ लागतो, पण फवाऱ्याला कुठे लोकल पकडायची आहे!

व्हॉल्व्ह मिटला. टक्. रेडिओवर कांद्याचे भाव अखंड चालू राहिले.

चौथी पाटी पूर्ण झाली. मेहुण्याने हातात घेतली, फिरवून पाहिली आणि म्हणाला, "छान आहे हो भावजी. पण सोसायटीने सगळ्यांना एकसारख्या पाट्या दिल्यात." त्यामुळे 'स्वप्नपूर्ती' सध्या आमच्याच गॅलरीत आहे, 'स्वप्न'च्या शेजारी.

आई मात्र खूश आहे. परवा म्हणाली, "फ्रिज बंद होतो तेव्हाही खर्र होतं. त्यालाही तो रुपयाचा लावून दे." मी समजावलं की फ्रिज एसीवर चालतो, तिथे डायोड लावला तर फ्यूज उडेल, तिथे रेझिस्टर आणि एक्स २ जातीचा कपॅसिटर असा जोड लागतो. हे बोलत असताना मी स्क्रू ड्रायव्हर शोधत होतो. बायकोने तो आधीच लपवलेला आहे.