‘भीती वाटते म्हणजे अभ्यास झालेला नाही’? कोण म्हणतं?

फेब्रुवारी लागला की दहावी-बारावीच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरायला लागतो. परीक्षेची भीती फक्त अभ्यास न करणाऱ्यांना वाटते. आदल्या रात्री जागून सगळं नजरेखालून घाला. भीतीचा विचारच करू नका. आणि या तीन तासांवर आयुष्य ठरतं. शेवटी ‘ऑल द बेस्ट’!

पहिल्या वाक्यात थोडं तथ्य आहे. धडा चार वेळा वाचला की सगळं येतंय असं वाटतं, आणि कोरा कागद समोर आला की पेन अडतं. ही तयारीतली उणीव. पुस्तक मिटून आठवेल ते लिहायचं, जुने पेपर घड्याळ लावून सोडवायचे, की ती भरून निघते. पण सराव परीक्षेत बिनचूक लिहिलेलं प्रमेय बोर्डाच्या पेपरात आठवत नाही आणि पेपर देऊन जिना उतरताना लख्ख आठवतं, त्या मुलीचं काय? तिचा अभ्यास झालेलाच आहे. गणिताच्या पायऱ्या डोक्यात धरून ठेवायला जी जागा लागते, तीच ‘नापास झाले तर?’ने अडवलेली असते. छातीत धडधड, तळहाताला घाम ही शरीराची बाजू आणि मनातली काळजी वेगळी, हे मानसशास्त्रात १९६७ पासून मांडलं जातंय. गुणांना जास्त फटका बसतो तो काळजीचा. तेव्हा धडधडीला घाबरू नये, मनात कोणतं वाक्य घोळतंय ते पाहावं.

जागरणाबद्दल काय लिहायचं! वाचलेलं पक्कं व्हायला झोप लागते, आणि पेपर सकाळी अकराचा असतो.

‘विचारच करू नको’ म्हटलं की विचार थांबतो, हा अनुभव कुणाच्या घरचा आहे? उलट २०११ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी मुलांना परीक्षेआधी दहा मिनिटं आपली भीती कागदावर उतरवायला सांगितली. जास्त घाबरणाऱ्यांचे गुण सुधारले. २०१८ च्या फेरतपासणीत मात्र त्यातल्या प्रयोगशाळेतल्या प्रयोगाचा निष्कर्ष पुन्हा मिळाला नाही, म्हणून याला रामबाण म्हणणार नाही. सराव परीक्षेच्या आधी करून पाहावं, जमलं तर ठेवावं.

राहिलं ते आयुष्य ठरण्याचं. दहावीचे एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. पुरवणी परीक्षेला पूर्वीसारखी ऑक्टोबरची वाट पाहावी लागत नाही, निकालानंतर जून-जुलैतच ती होते. भीतीचा विचार करू नका म्हणणाराच पुढच्या ओळीत मुलांना घाबरवतो आणि आपण तो मजकूर पुढे ढकलतो.

मूल कित्येक दिवस नीट जेवत-झोपत नसेल, जगण्यावरच उदास बोलत असेल, तर निकालापर्यंत थांबू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.