तमे केवा?

गेल्या आठवड्यात नातीचं बिऱ्हाड बडोद्यात लावून दिलं. परत येऊन पाच दिवस झाले, तरी एक गोष्ट मनातून जात नाही, म्हणून लिहितेय.

माझं माहेर बडोद्याच्या दांडिया बाजारातलं. लग्न होऊन नाशिकला आले, पुढे भाऊ गेला, घर विकलं. त्यामुळे लेकीच्या लेकीला फाइन आर्ट्सला प्रवेश मिळाला तेव्हा "राहा आजीच्या माहेरी" म्हणायला घरच उरलं नव्हतं. हॉस्टेलला नंबर लागला नाही. तिच्या वर्गात शिलाँगची एक मुलगी आहे, दोघींनी मिळून फ्लॅट घ्यायचं ठरवलं. लेक-जावयाला रजा नव्हती. म्हटलं, मी जाते. मला गुजराती येतं, रस्ते ठाऊक आहेत.

पहिली जागा फतेगंजची, तळमजल्यावर. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी कुठे कुठे शिरलं होतं ते नातेवाइकांकडून ऐकलं होतं, तळमजला नकोच म्हटलं.

दुसरी जागा निझामपुऱ्यात. दुसरा मजला, हवेशीर, गॅलरीत ईझल मावेल एवढी जागा. मालकांनी चहा दिला आणि विचारलं, "तमे केवा?" गुजरातेत राहिलेल्यांना सांगायला नको, हा प्रश्न जातीचा असतो. मी आडनाव सांगितलं. "तो तो घरना ज!" म्हणजे, मग तर घरचेच! ते खूश झाले. नॉनवेज चालणार नाही म्हणाले, मी मान डोलावली. टोकनही दिलं. संध्याकाळी शिलाँगची मुलगी घर बघायला आली. मालकांनी तिच्याकडे पाहिलं, नाव विचारलं, गाव विचारलं. सकाळी दलालाचा फोन: घरी पाहुणे येणार आहेत, जागा द्यायची नाही. टोकन परत. "फक्त तुमची नात राहणार असेल तर बघू," हेही वर.

नात रागाने लाल. ती मुलगी मात्र शांत होती. तिसरं घर बघायला निघालो तर मला हळूच म्हणाली, "आजी, आप लोग देख आइए, मैं नीचे रुकती हूँ." एकोणीस वर्षांची पोर. घर मिळावं म्हणून आपण दिसू नये, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

त्या दुपारी आम्ही कमाटी बागेत जाऊन बसलो. मी लहानपणी तिथे शेकडो वेळा खेळले आहे. त्याच बागेत 1917 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसले होते. महाराजा सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले, करारानुसार संस्थानची नोकरी करायला बडोद्यात आले, आणि राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले. ओळखीच्या दोघांना विचारलं, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही सबबी सांगितल्या. मग रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंत ते या बागेत बसून राहिले. शिकायला पैसे देणारं शहर राहायला खोली देईना! मी हे दोघींना सांगितलं तेव्हा माझाच आवाज कापत होता.

कारण मला आमचं घर आठवत होतं. वरच्या मजल्यावरची खोली माझे वडील विद्यापीठाच्या मुलांना भाड्याने देत. ते सज्जन होते, अडलेल्या मुलाचं भाडं महिनोन्‌महिने मागत नसत. पण खोली देण्याआधी आडनाव विचारत, आणि काही आडनावांना "खोली गेली" असं सांगितलं जाई. खोली रिकामी असायची. मला ते दिसत होतं आणि मी कधीच काही बोलले नाही. परवा निझामपुऱ्यात चहा पिताना आडनाव सांगून मी मान डोलावली, तेही त्याच सवयीने.

"घर माझं, मी कुणाला द्यायचं ते मी ठरवणार," असं म्हणणारे आहेत, आमच्या नात्यातही. भाडं वेळेवर येईल का, रात्री गोंगाट होईल का, हे जरूर विचारा. डिपॉझिट घ्या, अकरा महिन्यांचा करार करा, पोलिसांत भाडेकरूची नोंद करा. या सगळ्यात जात कुठे येते? ताटातली मासळी कुठे येते? 1949 पासून बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ देशभरातून मुलं बोलावतंय. त्यांच्या भाड्यावर अर्धं फतेगंज चालतं.

शेवटी प्रतापगंजात जागा मिळाली. यावेळी पहिल्याच वाक्यात मी सांगितलं, "दोघी आहेत, एक शिलाँगची, मासे खाते." मालकीणबाई म्हणाल्या, पाणी सकाळी येतं, टाकी भरून ठेवायची, आणि गेटची किल्ली हरवायची नाही. बस्स, एवढंच. मग दोन दिवस नुसती धावपळ: गाद्या, बादल्या, छोटा सिलिंडर, पोळपाट. मेतकुटाच्या बरणीशेजारी शिलाँगच्या मुलीने सुक्या मासळीच्या चटणीची बाटली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी झाकण घट्ट केलं आणि बाटली मागे सरकली होती ती पुढे घेतली.

त्यांच्याच वर्गातली दोन मुलं अजून जागा शोधतायत. एक मणिपूरचा, एक बीडचा. प्रतापगंज, निझामपुरा, सयाजीगंज या भागात कुणाची खोली रिकामी असेल तर मला मेसेज करा. भाडं वेळेवर येईल, मी शब्द देते.